दोन होळ्यांमधली जीप

जानूभाऊंच्या जीपला मागचं बघायचा आरसा नव्हता. कधीकाळी असावा, पण तो जिथे असतो तिथे त्यांनी एक कंगवा अडकवून ठेवला होता. मी पहिल्यांदा पुढच्या सीटवर बसले तेव्हा काळजीने विचारलं, "जानूभाऊ, मागून गाडी आली तर कळणार कसं?"

"मागं नऊ जन बसल्यात, बाई. अठरा डोले हायत. येक आरसा काय करनार?"

आणि खरंच, घाटात मागून एसटी आली की मागच्या बाकावरून आरोळी यायची, "मामा, लाल गाडी!" जानूभाऊ मान न वळवता जीप कडेला घ्यायचे. त्यांना जाऊन आता वर्ष होईल. पण गाडी चालवली तेवढ्या वर्षांत त्यांना मागून कुणी ठोकलं नाही. पुढून दोन म्हशींनी ठोकलं, पण तो म्हशींचा दोष.

सकाळी जव्हार डेपोच्या बाहेरून मोखाड्याच्या अंगाला, थेट सूर्यमाळपर्यंत. दुपारी परत येऊन दाभोशाच्या अंगाला. हा त्यांचा रोजचा रस्ता. अंगाने काटकुळे, डोक्याला कायम टॉवेल. टॉवेल उन्हाळ्यात भिजवलेला असे आणि पावसाळ्यात भिजलेला. हॉर्न वाजवायला त्यांना आवडत नसे. रस्त्यात कुणी आडवं चालत असेल तर मान बाहेर काढून नावाने हाक मारायचे. म्हणायचे, "हॉरन सगल्यांना लागतो. नाव ज्याचं त्यालाच लागतं." दोन तालुक्यांतल्या माणसांची नावं त्यांना पाठ होती. काही बैलांचीही.

गाडीत बसवण्याचा नियम एकच होता आणि तो आमदार आला तरी बदलला नसता: सामान टपावर, कोंबडी पायाशी, पोर मधी. पोर कुणाचंही असो, बाकाच्या मधोमध दोन मोठ्या माणसांच्या आधाराने बसणार. ती मोठी माणसं त्याची नात्यातली असायला पाहिजेत असं नाही. त्यांच्या कुशा भक्कम असल्या की झालं.

आता माझं सांगते. मी तेव्हा तरुण होते. अठ्ठावन्न वर्षांची. त्या वयात आपल्याला सगळं कळतं असं वाटतं. ते वाटणं साधारण पासष्टीपर्यंत टिकतं. जव्हारच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवून नुकतीच निवृत्त झाले होते आणि हात शिवशिवत होते. तालुक्याला मोडलेल्या संसारांची बोलणी करून देणारी एक लहानशी समिती होती, तिच्यात मी गेले. गेले म्हणजे घुसले. नवराबायकोच्या भांडणाला मी त्रैराशिकासारखी भिडत असे. मांडणी नीट केली की उत्तर येणारच. माझ्याकडे तीन रंगांची पेनं होती, फूटपट्टी होती आणि प्रत्येक जोडप्यासाठी वेगळी फाईल. आमचे हे एकदा म्हणाले, "आपल्या दोघांची जेवायची वेळ चाळीस वर्षांत एक झाली नाही, आणि तू तालुक्याचं वेळापत्रक आखतेस!" त्यांच्या त्या बोलण्याकडे मी मोठ्या मनाने दुर्लक्ष केलं.

या कामासाठी मला पाड्यापाड्यांवर जावं लागे, म्हणून जानूभाऊंची जीप. आणि त्या जीपमध्ये भागीबाय.

भागीबाय आठवड्यातून एकदा तरी मोखाड्याला चढायची. जाडजूड, कपाळाला गोंदण, आवाज असा की इंजिनाला लाज वाटावी. चढली की सरळ पुढे यायची, मला सरकवायची आणि जानूभाऊंना झापायला लागायची. "गियर टाक की! गाडी रडते, तुला ऐकू येत नाय? टॉवेल कवा धुतला व्हतास?" जानूभाऊ "व्हय, व्हय" करत गियर टाकायचे. वर्षभर मी हे दांपत्य बघत होते. समितीत येणाऱ्या जोडप्यांना मी त्यांचं उदाहरणही द्यायची, नावानिशी: बघा जानूभाऊ आणि भागीबाय, भांडतात पण एकत्र आहेत! जोडपी माझ्याकडे विचित्र नजरेने बघायची. मला वाटायचं, भारावून गेलीत.

एक दिवस भागीबाय उतरल्यावर मी म्हणाले, "वहिनी तुमची फार काळजी करतात हो."

"वैनी कोन?"

"भागीबाय."

"ती? ती बायको व्हती. चौदा वर्सं जाली काडी मोडली त्याला. तिचं दुसरं घर हाय, घरवाला चांगला हाय, माझ्यापरीस जास्त नांगरतो."

मी गारच पडले. पाड्यावर पंच बसतात, काडी मोडतात आणि लग्न मिटतं, हे मला समितीच्या कामामुळे माहीत होतं. पण मिटलेल्या लग्नातली बाई पुढच्या सीटवर बसून गियर टाकायला सांगते, हे माझ्या कुठल्याच फाईलमध्ये नव्हतं.

"मग अजून तुमच्यावर ओरडते ती?"

"बायको नाय राहिली. पोरांची आयस तं तीच ना, बाई! काडी आमची मोडली. पोरांची कोन मोडनार?"

मी घरी जाऊन हे वाक्य वहीत लिहून घेतलं. लाल पेनाने. त्याचा अर्थ मात्र मला कळला नव्हता, हे पुढे सिद्ध झालंच.

सुनीता आणि विलासचं प्रकरण माझ्याकडे आलं ते पावसाळ्यात. ती सूर्यमाळची, तो दाभोशाचा. लग्नाला आठ वर्षं, एक मुलगी, रोशनी, सहा वर्षांची. काडीमोड झाली होती आणि सुनीता मुलीला घेऊन माहेरी आली होती. मुलीची शाळा सूर्यमाळला. विलास दिवाळीनंतर भिवंडीकडे वीटभट्टीवर जायचा तो होळीला परत. दोघांचं एकमेकांशी बोलणं बंद. विलासला मुलगी हवी होती, आणि सुनीताला भीती होती की एकदा दाभोशाला गेलेली मुलगी परत येणार नाही. पंचांच्या रिवाजात मूल बापाचं, असं विलासचे भाऊबंद उघड म्हणत होते. त्या भीतीने ती मुलीला पाठवतच नव्हती. तीन महिने रोशनीने बाप पाहिला नव्हता.

मी दोघांना समितीत बोलावलं, दोन खुर्च्यांवर पाठीला पाठ लावून बसलेल्या त्या दोघांची सही आणि अंगठा घेतला, आणि माझ्या आयुष्यातलं सर्वांत सुंदर वेळापत्रक तयार केलं. आईचे दिवस हिरवे, वडिलांचे निळे, शाळेचे लाल. महिन्याचा पहिला आणि तिसरा रविवार निळा. गणपतीची सुट्टी अर्धी-अर्धी. नाताळची सुट्टी पूर्ण निळी. ते भिजू नये म्हणून मी जव्हारला जाऊन त्याला लॅमिनेशन करून आणलं, दोन प्रतींत. नाताळात बाप भिवंडीत विटा थापत असणार, हे मला सुचलं नाही. आणि दोन्ही पाड्यांवर ज्या सणाला सगळं गाव भट्टीवरून, बांधकामावरून, जिथून असेल तिथून परत येतं, ती होळी मी विसरले. तीस वर्षं जव्हारला काढून! निळ्या पेनाच्या नादात माणूस काय काय विसरतो.

आणखी एक गोष्ट राहिली होती. मुलीची भेट रविवारी होणार हे कागदात होतं. मुलीला आईने नेऊन सोडायचं की बापाने येऊन न्यायचं, हे नव्हतं.

पहिला निळा रविवार आला. ऑक्टोबरचं ऊन. माझी योजना स्वतःच्या डोळ्यांनी यशस्वी होताना बघावी म्हणून मी सकाळीच जानूभाऊंबरोबर सूर्यमाळला गेले. परतताना सुनीता जीपमध्ये बसली. खूप मनधरणी केल्यावर ती तयार झाली होती: आपण स्वतः पोरीला दाभोशाला न्यायचं, दारात बसायचं आणि संध्याकाळी स्वतःच परत आणायचं. रोशनी बाकाच्या मधोमध, एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला बाळंतीण लेकीकडे कोंबडी घेऊन निघालेली एक म्हातारी. टपावर कुणाचे तरी पत्रे. मी पुढे, मांडीवर फाईल.

घाटातल्या वळणावर समोरून दुसरी जीप वर येत होती. जानूभाऊंनी मान बाहेर काढली आणि हाक मारली, "विलास!"

विलास त्या जीपच्या पायरीवर लोंबकळत होता. कागद हातात घेऊन, पोरीला आणायला सूर्यमाळला निघालेला.

दोन्ही गाड्या थांबल्या. विलासने उडी मारली, आत डोकावला आणि सुनीताला आणि पोरीला बघून त्याचा चेहरा लाल झाला.

"हिला कुठं पलवून चाललीस?"

"पलवून? तुझ्याच घरी चालली व्हती!"

"खोटं! कागदात माझा रविवार हाय!"

"मंग मी काय सोमवार घेऊन चाललेय?"

मी घाईघाईने उतरले आणि फाईल उघडून म्हणाले, "हे बघा, कलम चार..." कुणी बघितलं नाही. विलास ओरडत होता, "आता येकदा नेली का आनून देनार नाय! काडी मोडली तवा पोर बापाची!" सुनीताने रोशनीचा दंड धरला. विलासने दुसरा हात धरला. पोरगी रडायला लागली नाही, ती नुसती ताठ झाली, आणि ते रडण्यापेक्षा वाईट होतं.

जानूभाऊंनी इंजिन बंद केलं.

"हात सोडा. दोघं पन. गाडीतलं पोर माझं."

त्या आवाजात त्यांना मी कधी ऐकलं नव्हतं. दोघांनी हात सोडले. मग ते दरवाज्याला टेकून बसले, फडक्यातून भाकरी काढली आणि खायला लागले.

"मामा, गाडी चालू कर ना," मागून कुणीतरी म्हणालं.

"गाडी भरल्याबिगर मी कवा निघालोय? आन बोलनं जाल्याबिगर पन निघनार नाय. माझी भाकर मोठी हाय. तुमी बोला."

समोरच्या जीपला वळणावर पुढे जायला जागा नव्हती. म्हणजे दोन गाड्या मिळून तीसेक माणसं ऑक्टोबरच्या उन्हात अडकली. ती काय गप्प बसणार? पाच मिनिटांत सगळे पंच झाले.

पत्र्यांचा मालक म्हणाला, "अरे विलास, तू दिवालीनंतर भट्टीवर. पोर काय विटांवर निजवनार?"

विलासने कागद काखेत मारला.

कोंबडीवाल्या म्हातारीने सुनीताला विचारलं, "उन्हाल्यात सूर्यमालला पानी असतं का गं?"

"नसतं. टँकर येतो. नायतर दोन डोंगर खाली जायाचं."

"मंग पोरीला कशाला डोंगर चढवतेस? तिकडं नदी हाय. शाला बंद, पानी आटलं, का पोर दाभोशाला. पाऊस लागला, शाला उघडली, का तुझ्याकडं. हाय काय त्यात?"

महिनाभर पट्टी घेऊन मी जे आखत होते, ते म्हातारीने एका श्वासात केलं. एवढं बोलून तिला उकडलं, म्हणून तिने माझ्या हातातलं लॅमिनेशन काढून घेतलं आणि वारा घालायला लागली. त्याचा वारा छान येत होता.

विलास म्हणाला, "पन होली माझी. मी होलीलाच घरी येतो. माझी आयस वाट बघते पोरीची."

सुनीता उसळली. "वर्सभर मी पोसायची आन होलीला नाचवायची तुमी? होली नाय देनार."

इथे सगळे पंच थबकले, कारण ही गोष्ट खरी होती. कुणीतरी म्हणालं, आदल्या दिवशीची धाकली होळी एकीकडे आणि मोठी होळी दुसरीकडे. दुसऱ्याने लगेच सांगितलं, "आन मधी पोर जानार कशी? उडून? त्या दिवशी येक गाडी रस्त्यावर नसते." हेही खरंच. धाकट्या होळीपासून पाच दिवस आमच्याकडे ड्रायव्हर नावाचा प्राणी शुद्धीवर सापडत नाही. सूर्यमाळ ते दाभोसा, सहा वर्षांचं पोर, चालत कसं जाणार? सुनीताने पुन्हा पोरीचा दंड धरला. विलास म्हणाला, "मंग बोलनंच संपलं." तीन महिन्यांची तीन वर्षं व्हायला एवढं पुरलं असतं.

जानूभाऊंनी शेवटचा घास खाल्ला, हात टॉवेलला पुसला.

"मी काढीन गाडी."

"होलीला?" पत्र्यांचा मालक दचकून म्हणाला. "मामा, तू पिनार नाय?"

"धाकल्या होलीला नाय. पोरीला सोडून आलो का मंग बघू." मग विलासकडे बघून, "पन येक हाय. तू पोर परत नाय दिलीस, तं तुझ्या पाड्यावर माझी गाडी बंद. दुखनेकऱ्याला पन चालत जावं लागंल, आन लोक तुझं नाव घेतील."

विलासच्या जीपमधले दाभोशाचे चार लोक एका सुरात म्हणाले, "देईल, देईल! आमी बघतो!"

मोठी होळी वर्षाआड आलटूनपालटून, असं ठरलं. पहिली कुणाची, यावर पुन्हा ठिणगी पडणार होती, पण सुनीताच खाली बघून म्हणाली, "पयली त्यांच्या आयसला. म्हातारी हाय. तिच्याशी माझं भांडन नाय." एवढं बोलून तिने विलासकडे पाठ केली. त्याच्याशी होतं.

इंजिन सुरू झालं. रोशनी मधेच बसून होती. तिने हळूच विचारलं, "आता मी कुठं चालली?" जानूभाऊ म्हणाले, "आज दाभोशाला. आयस पन, बापूस पन. दोघं माझ्या गाडीत, दोन टोकांना." विलास मागच्या पायरीवर लटकला. कुठल्याच रंगात न बसणारा तो रविवार होता.

त्यानंतर अकरा वर्षं ही व्यवस्था चालली, आणि त्यातली नऊ जानूभाऊंनी चालवली. त्यांनी पुढे आणखी नियम काढले. पोर उतरलं की तासभर काही विचारायचं नाही. तिकडे काय खाल्लंस, कोण काय म्हणालं, काही नाही. "पोर दमलेलं असतं. मानूस आधी पानी देतो, मंग चवकशी करतो." आणि पोराच्या तोंडी निरोप पाठवायचा नाही. निरोप असेल तर ड्रायव्हरकडे.

या निरोपांचं काय होत असे, ते मी एकदा कानांनी ऐकलं. सूर्यमाळला सुनीता जीपजवळ येऊन म्हणाली, "सांगा त्या मेल्याला, मागल्या टायमाला पोरीच्या डोक्यात उवांचा बाजार भरवून पाठवलान. त्याच्या आयसला दिसत नाय आन त्याला लाज नाय." दाभोशाला पोचल्यावर जानूभाऊंनी विलासला सांगितलं, "सुनीता म्हनते, पोरीचे केस छान वाढलेत. जरा इंचरत जा."

परतीच्या रस्त्यात मी त्यांना तत्त्वाने झापलं. निरोप जसाच्या तसा पोचवायला पाहिजे, फेरफार केला तर उद्या दोन्ही पक्ष... असं बरंच.

"बाई," ते म्हणाले, "घाटात गाडी हलते. थोडं सांडतं."

मी समिती सोडली नाही, पण पट्टी सोडली. नंतरच्या जोडप्यांना मी आधी विचारायला शिकले: पाणी कधी आटतं, भाताच्या आवणीला कुणाच्या घरी हात कमी पडतात, होळीला गाडी कोण काढेल. आणि नऊ धाकट्या होळ्या हा माणूस कोरडा राहिला. दुपारी पाड्यापाड्यावर मोहाचा वास सुटलेला असायचा, लोक रस्त्यात आडवे येऊन ग्लास पुढे करायचे, "मामा, येकच!" जानूभाऊ मान बाहेर काढून एकेकाला नावाने बाजूला करायचे. एका वर्षी मी कौतुकाने म्हणाले, "केवढा त्याग हो तुमचा!" ते खवळले. "त्याग कसला? भागी मागं बसलेली असते ना! पिऊन दाखवा तिच्यासमोर." ती खरंच मागे बसलेली होती. त्या दिवशी ड्रायव्हरवर लक्ष ठेवायला ती मुद्दाम यायची, असं मला नंतर तिच्या नवऱ्याने सांगितलं.

शेवटच्या दोन वर्षांत त्यांना दिसेनासं झालं तेव्हा त्यांनी गाडी विकली. पण तोवर रोशनी एकटी ये-जा करायला लागली होती.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते जव्हार डेपोत. रोशनी सतरा वर्षांची, नर्सिंगच्या शिक्षणासाठी नाशिकला निघाली होती. सकाळची वेळ. सुनीता नागलीच्या भाकऱ्या आणि सुकटाची चटणी घेऊन आली होती, विलास पाच किलो तांदूळ. "होस्टेलात तांदूल कोन शिजवनार?" असं सुनीताने विचारलं, थेट त्याला विचारलं, आणि विलास म्हणाला, "विकंल नायतर. तुझी चटनी खोलीत उघडली का सगल्या पोरी पलतील." रोशनी दोघांच्या मधे उभी राहून हसत होती आणि सांगत होती की दिवाळीत वाघबारशीला दाभोशाला येईन, मग सूर्यमाळला, आणि कुणी भांडलं तर नाशिकलाच राहीन.

जानूभाऊ काठी टेकत केव्हाच बसमध्ये चढले होते. पोरीसाठी खिडकीची जागा धरायला. धरली, आणि तिथेच ऐटीत बसले. रोशनी चढली, त्यांच्या शेजारी बसली, ते काहीतरी सांगायला लागले. घाटातल्या वळणांविषयी असणार. कंडक्टरने घंटी मारली.

बस हलल्यावर सुनीताच्या लक्षात आलं. "अगो बाय! मामा आतच हायत!" ती धावली. विलासही धावला. दोघं एकाच बाजूने, खांद्याला खांदा लावून बसमागे पळत होते आणि ओरडत होते, "मामा, उतरा! मामा!" जानूभाऊंना धड दिसत नव्हतं. आईबाप मिळून पोरीला निरोप देतायत, एवढंच त्यांना वाटलं असावं. त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि मोठ्या आनंदाने हलवत राहिले, बस फाटकातून मोखाड्याच्या रस्त्याला वळेपर्यंत.

खरं सांगायचं तर कंडक्टर घंटीकडे हात नेताना मला आधीच दिसला होता. मी ओरडले नाही.